संथगती भ्रमणनौका

संथगती भ्रमणनौका म्हणजे वेगापेक्षा लांब पल्ला, स्थैर्य आणि इंधनाची बचत यांना प्राधान्य देऊन बांधलेली व फुरसतीच्या जलप्रवासासाठी वापरली जाणारी लहान नौका होय. या नौकांचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला प्रकार मासेमारी नौकेच्या धर्तीवर बांधलेल्या, एका लहान डिझेल इंजिनावर चालणाऱ्या ट्रॉलर नौकांचा आणि दुसरा शिडाच्या नौकांचा. दोन्ही प्रकारांतील नौका साधारणपणे ताशी ५ ते ८ सागरी मैल वेगाने चालतात. एक सागरी मैल १,८५२ मीटरचा असतो आणि ताशी एक सागरी मैल या वेगाला ‘नॉट’ म्हणतात. ६ नॉट म्हणजे ताशी सुमारे ११ किलोमीटर, म्हणजेच रमतगमत चालवलेल्या सायकलीचा वेग होय. जमिनीवर हा वेग क्षुल्लक वाटतो. समुद्रावर मात्र नौका दिवसाचे चोवीस तास चालू शकते, त्यामुळे याच वेगाने एका दिवसात १४४ सागरी मैल, म्हणजे सुमारे २६५ किलोमीटर अंतर कापले जाते. पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या बहुतेक लहान नौका याच वेगाच्या आसपास चालल्या आहेत.

महाराष्ट्रात या विषयाला स्वतंत्र पार्श्वभूमी आहे. कोकण किनाऱ्यावरील गलबते, मचवे व पडाव शतकानुशतके केवळ वारा आणि भरती-ओहोटी यांच्या बळावर चालत आले. शिडाच्या नौकेतून एकट्याने व विनाथांबा झालेल्या जगातील पहिल्या पृथ्वीप्रदक्षिणेची नौका मुंबईत बांधली गेली होती, तर भारतीयाने एकट्याने केलेल्या पहिल्या पृथ्वीप्रदक्षिणेचा मान एका मराठी नौदल अधिकाऱ्याकडे जातो.

संज्ञा

‘ट्रॉलर’ हा शब्द कोकणात यांत्रिक मासेमारी नौकेसाठी रूढ आहे. समुद्राच्या तळाजवळून ओढत न्यायच्या पिशवीसारख्या जाळ्याला ट्रॉल म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. भ्रमणासाठी वापरल्या जाणाऱ्या ट्रॉलरवर असे जाळे नसते. मासेमारी नौकेचा खोल व भारदस्त बांधा, उंच नाळ, पुढच्या बाजूचे सुकाणूघर आणि मंदगती इंजिन एवढेच तिच्यात घेतलेले असते. जाळ्याच्या व माशांच्या जागी राहण्याच्या खोल्या, स्वयंपाकघर आणि पाण्याच्या व इंधनाच्या टाक्या असतात. शिडाच्या भ्रमणनौकेतही बहुधा लहान डिझेल इंजिन असते. बंदरात शिरताना आणि वारा पडल्यावर ते वापरले जाते. इंजिन आणि शीड या दोहोंवर सारखाच भर देणाऱ्या नौकेला मोटरसेलर म्हणतात.

वेग आणि जलरोध

नौकांचे बांध्यानुसार दोन ठळक वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील नौका पाणी बाजूला सारत, त्यात बुडूनच पुढे जाते. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार ती आपल्या वजनाइतके पाणी विस्थापित करते, म्हणून तिच्या बांध्याला विस्थापनी बांधा म्हणतात. ट्रॉलर आणि बहुतेक शिडाच्या नौका या वर्गात मोडतात. दुसऱ्या वर्गातील द्रुतनौका मोठ्या शक्तीच्या इंजिनाच्या जोरावर पाण्यातून अर्धवट वर उचलली जाते आणि पृष्ठभागावरून घसरत जाते.

विस्थापनी नौकेला होणारा विरोध मुख्यतः दोन प्रकारचा असतो. एक बांध्याच्या पृष्ठभागाशी होणाऱ्या घर्षणाचा आणि दुसरा नौका स्वतः निर्माण करते त्या लाटांचा. नौकेच्या नाळेपाशी एक लाट उठते आणि नौकेचा वेग वाढतो तशी तिची लांबीही वाढते. ४ नॉट वेगाला ही लाट सुमारे २.७ मीटर, ६ नॉटला सुमारे ६ मीटर, तर ८ नॉटला जवळपास ११ मीटर लांब असते. लाटेची लांबी नौकेच्या जलरेषेवरील लांबीएवढी झाली की नौका स्वतःच्याच लाटेच्या खळग्यात सापडते. तिचा मागील भाग खाली बसतो, नाळ वर उचलली जाते आणि पुढे जाणे म्हणजे जणू चढ चढणे होऊन बसते. या वेगाला बांध्याची वेगमर्यादा म्हणता येईल. जलरेषेवरील लांबीचे मीटरमधील वर्गमूळ काढून त्याला २.४३ ने गुणले असता ही मर्यादा नॉटमध्ये मिळते. त्यानुसार ९ मीटर जलरेषेच्या नौकेची मर्यादा सुमारे ७.३ नॉट, तर १६ मीटर जलरेषेच्या नौकेची सुमारे ९.७ नॉट येते. ही मर्यादा भिंतीसारखी अभेद्य नसते. मात्र तिच्याजवळ गेल्यावर प्रत्येक अर्ध्या नॉटची किंमत झपाट्याने वाढत जाते. लांबट, निमुळत्या आणि हलक्या बांध्याच्या नौकांना, उदाहरणार्थ कॅटामरानला, ही मर्यादा त्या मानाने कमी जाचते.

लाटांमुळे होणाऱ्या या विरोधाचा पद्धतशीर अभ्यास इंग्रज अभियंता विल्यम फ्रूड (१८१०–१८७९) याने केला. त्याने इंग्लंडमधील टॉर्की येथे पाण्याची लांब टाकी बांधून तिच्यात नौकांच्या लहान प्रतिकृती ओढून पाहिल्या आणि त्यांवरून मोठ्या जहाजांना होणाऱ्या विरोधाचा अंदाज बांधण्याची रीत घालून दिली. वेग व लांबी यांच्या गुणोत्तराला आज त्याच्याच नावाने फ्रूड अंक म्हणतात.

इंधनाचा हिशोब

वेगमर्यादेच्या बऱ्याच खाली असलेल्या नौकेचा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मर्यादेजवळ ही वाढ याहूनही तीव्र होते. संथगती नौकेच्या काटकसरीचे मूळ याच नियमात आहे. वेग थोडासा कमी केला की इंधनाचा खर्च त्यापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात घटतो.

लहान डिझेल इंजिनाला एका अश्वशक्तीसाठी तासाला साधारण ०.२ लिटर इंधन लागते. सुमारे १२ मीटर लांबीच्या व १२ टन वजनाच्या ट्रॉलर नौकेला शांत समुद्रात ६ नॉट वेगासाठी २५ ते ३० अश्वशक्ती पुरते. म्हणजे तासाला ५ ते ६ लिटर आणि सागरी मैलामागे सुमारे एक लिटर इंधन लागते. तीच नौका ८ नॉट वेगाने चालवल्यास सागरी मैलामागचा खर्च जवळपास दुप्पट होतो. त्यामुळे १,००० लिटरच्या टाकीवर एका वेगाने सुमारे १,००० सागरी मैलांचा, तर दुसऱ्या वेगाने ५०० सागरी मैलांचा पल्ला मिळतो. दोन वेगांत फरक मात्र केवळ दोन नॉटचा असतो. प्रत्यक्षात उलटा वारा, प्रवाह, लाटा आणि तळाला चिकटलेले शेवाळ व शंखशिंपले यांमुळे हे आकडे बदलतात. म्हणून अनुभवी चालक टाकीतील काही हिस्सा राखीव ठेवूनच पल्ला ठरवतात.

द्रुतनौकेशी तुलना केल्यास हा फरक अधिक ठळक होतो. रत्नागिरीहून मालवण समुद्रमार्गे सुमारे ६० सागरी मैलांवर आहे. प्रत्येकी ३०० अश्वशक्तीची दोन इंजिने ७० टक्के भाराने चालवून २० नॉट वेगाने जाणारी नौका हे अंतर तीन तासांत कापेल आणि त्यासाठी सुमारे २५० लिटर इंधन जाळेल. वर उल्लेखिलेली ट्रॉलर नौका ६ नॉट वेगाने दहा तास घेईल, पण तिला सुमारे ६० लिटरच लागतील. एक लिटर डिझेल जळाल्यावर सुमारे २.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. त्यामुळे पहिल्या प्रवासात सुमारे ६७५ किलोग्रॅम, तर दुसऱ्यात सुमारे १६० किलोग्रॅम वायू बाहेर पडतो. अनुकूल वाऱ्यावर शिडाची नौका हेच अंतर जवळपास इंधनाविना पार करू शकते.

अशा नौकेचे इंजिन आणि पंखाही वेगळ्या प्रकारचे असतात. मोठ्या व्यासाचा, सावकाश फिरणारा पंखा लहान व वेगाने फिरणाऱ्या पंख्यापेक्षा अधिक कार्यक्षम असतो. त्याला कमी फेऱ्यांवर तासन्‌तास न थकता चालणारे इंजिन लागते. कोल्हापूर-सांगली भागात वीजपंप येण्यापूर्वी नदीचे पाणी उपसण्यासाठी जी मंदगती ऑइल इंजिने वापरली जात, त्यांचा गुण हाच होता. त्यांच्यात ताकद बेताची, पण चिकाटी मोठी असे.

भ्रमणासाठीच्या ट्रॉलर नौकांचा विकास

शिडाशिवाय, केवळ लहान इंजिनावर महासागर ओलांडता येतो हा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला. अमेरिकी नौदलातील कॅप्टन रॉबर्ट बीबी यांनी ५० फूट लांबीची ‘पॅसेजमेकर’ ही नौका याच हेतूने आखली आणि १९६३ मध्ये सिंगापूरहून हिंदी महासागरमार्गे ग्रीसपर्यंत नेली. बीबी यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेले पुस्तक या क्षेत्रातील पायाभूत ग्रंथ मानले जाते. नौकेची लांबी, तिचे वजन, वेग आणि टाकीतील इंधन यांचा मेळ घालून पल्ला कसा काढावा, याची मांडणी त्यात आहे.

याच सुमारास, १९६० च्या दशकात, हाँगकाँगमधील अमेरिकन मरीन या कारखान्याने ‘ग्रँड बँक्स’ नावाच्या लाकडी ट्रॉलर नौका बांधण्यास सुरुवात केली. किनाऱ्याकिनाऱ्याने कुटुंबासह सावकाश फिरणाऱ्यांमध्ये त्या लोकप्रिय झाल्या. पुढे ‘नॉर्डहॅवन’ या नाममुद्रेच्या नौकांनी बीबींची कल्पना महासागरी प्रवासासाठी पुढे नेली. या मालिकेतील ४० फुटी नौकेने २००१-०२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली.

केवळ इंजिनावर चालणाऱ्या ट्रॉलर नौकेचा मुख्य दोष म्हणजे डोलणे. शिडाच्या नौकेला वाऱ्याचा दाब एका बाजूला रेलून स्थिर ठेवतो, तसा आधार ट्रॉलर नौकेला नसतो. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या लांब काठ्यांना टांगलेले पाण्याखालचे फाळ किंवा बांध्याला जोडलेले हलते पंख वापरतात. मासेमारी नौकांकडूनच हा उपाय भ्रमणनौकांनी उचलला.

शिडाच्या भ्रमणनौका

शिडाची नौका केवळ वाऱ्याच्या दिशेनेच जाते, असा एक सामान्य गैरसमज आहे. वारा बाजूने येत असताना शीड विमानाच्या पंखासारखे काम करते. त्याच्या दोन बाजूंवरील दाबांतल्या फरकामुळे नौकेवर तिरका जोर येतो. नौकेखालील कील हा जड तळकणा तिला बाजूला सरकू देत नाही, म्हणून या जोराचा उपयोग तिला पुढे नेण्यास होतो. आधुनिक नौका वाऱ्याच्या दिशेशी सुमारे ४५ अंशांचा कोन करून पुढे जाऊ शकते. थेट वाऱ्याच्या तोंडावर जायचे असल्यास तिला नागमोडी मार्ग घ्यावा लागतो आणि अंतर वाढते.

अशा लहान नौकांच्या क्षमतेचा दाखला जोशुआ स्लोकम याने दिला. १८९५ ते १८९८ या काळात त्याने ‘स्प्रे’ या सुमारे ३७ फुटी नौकेतून एकट्याने जगाला फेरी मारली. अशी प्रदक्षिणा करणारा तो पहिला मानव होय. यानंतरचा मोठा टप्पा मुंबईशी जोडलेला आहे. ‘सुहैली’ ही ३२ फुटी नौका मुंबईत सागवानी लाकडात बांधली गेली आणि १९६४ मध्ये पाण्यात उतरवली गेली. याच नौकेतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याने १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या ३१२ दिवसांत एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. हा जगातील असा पहिला प्रवास होता. नौकेचा सरासरी वेग ताशी केवळ ४ सागरी मैलांच्या आसपास होता. याच शर्यतीत तिच्याहून वेगवान असलेल्या अनेक नौका भाग घेत होत्या, परंतु शर्यत पूर्ण करणारी ‘सुहैली’ ही एकमेव नौका ठरली.

कोकणातील शिडांची परंपरा

कोकणातील पारंपरिक नौकानयन इंधनविरहित होते आणि ते ऋतूंच्या काटेकोर ज्ञानावर उभे होते. पावसाळ्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत किनाऱ्यावर वाऱ्यांचा रोजचा क्रम ठरलेला असतो. रात्री व पहाटे जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. दुपारी जमीन तापल्यावर समुद्राकडून खारे वारे येतात आणि किनाऱ्यावर ते बहुधा वायव्येकडून वाहतात. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर बंदराबाहेर पडायचे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर पुढच्या बंदरात शिरायचे, असा तांडेलांचा परिपाठ असे. दक्षिणेकडे जाताना वायव्येचा वारा पाठीशी मिळतो. उत्तरेकडे येताना मात्र पहाटेच्या वाऱ्याचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा लागतो. खाड्यांतून आतल्या बंदरांपर्यंत जाण्यासाठी भरतीची वेळ साधली जाई.

कोल्हापूरचा या जगाशी निकटचा संबंध होता. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये मालवणजवळच्या कुरटे बेटावर बांधण्यास घेतलेला सिंधुदुर्ग पुढे करवीर संस्थानाकडे आला. मालवणच्या आरमारी नौकांवरून इंग्रजांशी संघर्ष होऊन १७६५ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेतला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. पुढच्या वर्षी तो करवीरकरांना परत मिळाला. १८१२ च्या तहाने मालवण बंदर व सिंधुदुर्ग कायमचे इंग्रजांकडे गेले आणि कोल्हापूरचे राज्य समुद्राला पारखे झाले. व्यापारी नाते मात्र टिकून राहिले. आंबा घाट, फोंडा घाट या वाटांनी बैलांच्या पाठीवरून माल राजापूर, खारेपाटण यांसारख्या खाडीवरील बंदरांत उतरे आणि तेथून शिडाच्या नौकांनी पुढे जाई. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाल्यावर देशावरील मालाची दिशा बदलली आणि आतल्या खाड्यांतील बंदरांचे महत्त्व ओसरत गेले.

आज या किनाऱ्यावरील शिडांची जागा बहुतांशी इंजिनांनी घेतली आहे. परंतु बंदरांमधील अंतरे मुळातच शिडाच्या नौकेच्या एका दिवसाच्या मजलीला साजेशी आहेत. रत्नागिरी ते विजयदुर्ग सुमारे २७ सागरी मैल, विजयदुर्ग ते देवगड सुमारे १२ आणि देवगड ते मालवण सुमारे २१ सागरी मैल भरते. ६ नॉट वेगाने यांपैकी कोणताही टप्पा दिवसाउजेडी पूर्ण होतो आणि रात्री नांगर टाकण्यास निवाऱ्याची जागा मिळते. संथ भ्रमणासाठी कोकण किनारा अनुकूल मानला जाण्याचे हे मुख्य कारण आहे.

भारतीय सागर परिक्रमा

शिडाच्या नौकेतून पहिली भारतीय पृथ्वीप्रदक्षिणा भारतीय भूसेनेच्या अभियंता दलातील चमूने ‘तृष्णा’ या नौकेतून १९८५ ते १९८७ या काळात केली. एकट्याने प्रदक्षिणा करण्याच्या भारतीय नौदलाच्या उपक्रमाला ‘सागर परिक्रमा’ असे नाव देण्यात आले. त्यामागील प्रेरणा व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी (१९२७–२०१८) यांची होती. निवृत्तीनंतर ते सातारा जिल्ह्यातील फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी राहत असत.

या उपक्रमासाठी गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस या कारखान्यात ‘म्हादेई’ ही ५६ फुटी नौका बांधण्यात आली. मांडवी नदीच्या म्हादेई या दुसऱ्या नावावरून तिचे नाव ठेवले गेले. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटे व दक्षिण आफ्रिका येथे थांबे घेऊन मे २०१० मध्ये परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांचे सहकारी अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात विनाथांबा प्रदक्षिणा पूर्ण केली.

टॉमी यांच्या प्रवासावरून संथ वेगाचा अर्थ स्पष्ट होतो. पृथ्वीप्रदक्षिणा म्हणून मान्यता मिळण्यासाठी किमान २१,६०० सागरी मैल अंतर कापावे लागते. हे अंतर सुमारे १५० दिवसांत पार करण्यासाठी सरासरी ६ नॉट वेग पुरतो.

‘म्हादेई’च्याच आराखड्यावर बांधलेल्या ‘तारिणी’ या नौकेतून २०१७-१८ मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोन महिला अधिकाऱ्यांनी त्याच नौकेतून दुसरी प्रदक्षिणा पूर्ण केली.

आकर्षणाची कारणे

संथगती नौकांचे आकर्षण केवळ आर्थिक नाही. त्यामागे पुढील कारणे सांगितली जातात.

स्वावलंबन: इंधन कमी लागत असल्यामुळे इंधन मिळणाऱ्या बंदरांवरील अवलंबन कमी होते. लहान खाड्या, बेटे आणि पंप नसलेली गावे प्रवासाच्या कक्षेत येतात. शिडाच्या नौकेला इंजिन बंद पडले तरी परतण्याचे साधन उरते.

राहण्याची सोय: विस्थापनी नौकेला वजनाचे वावडे नसते. पाणी, धान्य, अवजारे, पुस्तके असे सामान भरल्यावरही तिचा वेग फारसा घटत नाही. द्रुतनौकेत मात्र प्रत्येक किलोग्रॅमचा हिशोब ठेवावा लागतो.

प्रवासाचे स्वरूप: मंद वेगामुळे किनारा, पक्षी, डॉल्फिन, माशांचे थवे आणि बदलते हवामान न्याहाळता येते. शीड उभारल्यावर इंजिनाचा आवाज व कंप थांबतो. चालकाला वारा, भरती आणि ढग यांचे वाचन शिकावे लागते, आणि अनेकांना हे शिक्षणच प्रवासाचे मुख्य फळ वाटते.

खर्चाचा अंदाज: इंजिन लहान आणि एकच असल्यामुळे त्याची देखभाल सोपी असते. चालकाला ती बरीचशी स्वतः शिकून घेता येते.

ट्रॉलर आणि शीड यांची तुलना

शिडाचा वारा फुकट असला तरी शीड फुकट नसते. डोलकाठी, तिला आधार देणाऱ्या तारा, दोर आणि कापड ऊन व मीठ यांमुळे झिजतात आणि काही वर्षांनी बदलावे लागतात. हा खर्च विचारात घेतल्यास थोडेच फिरणाऱ्यासाठी सावकाश चालवलेली ट्रॉलर नौका तितकीच किफायतशीर ठरू शकते, असा युक्तिवाद ट्रॉलरचे समर्थक करतात. ट्रॉलर नौकेत प्रशस्त जागा मिळते, सुकाणूघरात ऊन-पावसापासून आडोसा असतो आणि शीड ओढण्याचे श्रम नसतात, म्हणून उतारवयातील प्रवासी तिच्याकडे वळतात. दुसऱ्या बाजूस, लांब महासागरी प्रवासात शिडाच्या नौकेचा पल्ला टाकीने नव्हे, तर अन्नपाण्याच्या साठ्याने ठरतो. वारा नसताना मात्र तिला एकतर थांबावे लागते किंवा इंजिन चालवावे लागते. त्यामुळे वेळापत्रक पाळणे ज्यांना आवश्यक आहे, त्यांना ती गैरसोयीची ठरते. दिवे, दिशादर्शक यंत्रे व शीतकपाट यांसाठी आता दोन्ही प्रकारच्या नौकांवर सौरपट्ट्या बसवल्या जातात.

मर्यादा आणि धोके

संथ नौकेची सर्वांत मोठी मर्यादा अशी की येणारे वादळ तिला मागे टाकता येत नाही. ६ नॉट वेगाने पळून जाण्यापेक्षा वेळीच निवारा गाठणे किंवा बंदरातून न निघणे हाच तिचा बचाव असतो. कोकण किनाऱ्यावर याचा अर्थ नैऋत्य मोसमी पावसाचे महिने पूर्णपणे टाळणे असा होतो. मे महिन्याच्या अखेरीस होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारण्याची आणि नारळी पौर्णिमेला सागराची पूजा करून नवा हंगाम सुरू करण्याची प्रथा या अनुभवातूनच आली आहे. राज्यात यांत्रिक मासेमारीवर जून व जुलै महिन्यांत बंदी असते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही प्रवासी आगबोट भर पावसाळ्यात बुडून सहाशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. लहान भ्रमणनौकेपेक्षा ती कितीतरी मोठी होती.

खुल्या महासागरात अनुभवी नाविकही धोक्यापासून मुक्त नसतो. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत ‘सुहैली’च्या नमुन्यावर गोव्यात बांधलेल्या ‘तुरीया’ या नौकेतून अभिलाष टॉमी सहभागी झाले होते. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात नौकेच्या डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. तीन दिवसांनी एका फ्रेंच मत्स्यसंरक्षण नौकेने त्यांची सुटका केली. बरे झाल्यावर त्यांनी २०२२ मध्ये सुरू झालेल्या पुढच्या शर्यतीत भाग घेतला आणि दुसरा क्रमांक मिळवला.

किनाऱ्याजवळ रात्री न उजळलेली जाळी, त्यांच्या खुणेचे तरंगक आणि मासेमारी नौकांची गर्दी हा मोठा अडथळा असतो. पंख्यात जाळे अडकल्यास नौका जागीच थांबते आणि मच्छीमाराचेही नुकसान होते. २००८ च्या मुंबई हल्ल्यात दहशतवाद्यांनी ‘कुबेर’ या मासेमारी नौकेचा वापर केल्यानंतर किनाऱ्यावरील लहान नौकांची नोंदणी व तपासणी अधिक कडक झाली. त्यामुळे नौकेची कागदपत्रे आणि प्रवाशांची ओळखपत्रे जवळ बाळगावी लागतात. जीवरक्षक जाकिटे आणि अतिउच्च कंप्रतेचा रेडिओ ही अत्यावश्यक साधने मानली जातात. या रेडिओची १६ क्रमांकाची वाहिनी संकटकाळी वापरली जाते, तर भारतीय तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ हा आहे.

पर्यावरण

इंधन कमी जाळले जात असले तरी संथगती नौका पूर्णपणे निरुपद्रवी नसते. तळाला शेवाळ व जलजीव चिकटू नयेत म्हणून लावलेल्या रंगातील तांब्याची संयुगे पाण्यात उतरतात. काचतंतूंचे जुने बांधे पुन्हा वापरात आणणे कठीण असते. सांडपाणी व इंजिनातील तेलमिश्रित पाणी खाडीत सोडल्यास तेथील कालवे, शिंपले आणि मासे यांची हानी होते. मालवण येथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाले असून त्या परिसरात प्रवाळ आढळतात. प्रवाळावर टाकलेला नांगर अनेक वर्षांची वाढ क्षणात मोडतो, म्हणून वाळूचा तळ पाहूनच नांगर टाकणे किंवा बांधून ठेवलेल्या तरंगकाला नौका अडकवणे योग्य समजले जाते.

प्रशिक्षण आणि सद्यस्थिती

महाराष्ट्रात हौशी शिडनौकानयनाचे मुख्य केंद्र मुंबई आहे. तेथील रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना १८४६ मध्ये झाली. राज्यातील लहान बंदरांचा कारभार १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. कोल्हापूरकरांना सर्वांत जवळ पडणाऱ्या किनाऱ्यांपैकी एक असलेल्या मालवण-तारकर्ली परिसरात पर्यटन महामंडळाच्या निवासी नौका आणि पाणबुडी प्रशिक्षणाची संस्था आहे. कोल्हापूरहून हे ठिकाण घाटमार्गे सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. या भागातील पर्यटनात मात्र अजूनही काही मिनिटांच्या वेगवान जलक्रीडांना अधिक मागणी आहे. एका बंदरातून दुसऱ्या बंदरात मुक्काम करत जाणाऱ्या संथ प्रवासासाठी नांगराची सुरक्षित जागा, गोडे पाणी, दुरुस्तीचा कारागीर आणि किनाऱ्यावर उतरण्याचा धक्का एवढ्या मोजक्या सोयी लागतात. गलबतांच्या काळात याच बंदरांनी त्या पुरवल्या होत्या.